सतरा चाळीसचं प्रकरण

अंथुर्णे
१२ एप्रिल २०२५

राजे,

आशीर्वाद मागनं देतो, आधी भांडण.

काल आमच्या सूनबाईनं, प्रतिक्षानं, मोबाईल माझ्या नाकाम्होरं धरला आन पाटीवर खडूनं लिहिलं, "बारामतीच्या आत्याबाईंचा पॉडकास्ट येणार आहे. राजनंदिनीनं चॅप्टर टाकलेत." आमच्या काळात चॅप्टर म्हंजी चॅप्टर केस. पोलिसांनी टाकायची आन आपण साहेबाम्होरं हुबं राहून शांतता राखीन म्हणून लिहून द्यायचं. मग तिनं लिहिलं, चॅप्टर म्हणजे प्रकरण. हे तर त्याहून वंगाळ.

मला ऐकू यायचं बंद होऊन सहा वर्सं झाली, हे तुला म्हाईत हाय. कानात यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजती. मोबाईलवरचा तुझा तो रेडिओ बाकीच्यांनी ऐकायचा, माझ्या वाट्याला नुसती यादी. पर यादी मला वाचता येती. तुझ्या आजीची, म्हंजी माझ्या धाकट्या बहिणीची, यादी अशी हाय:

०:०० द्वारकाआजीची ओळख
४:२० गावातल्या गावात लग्न
११:०५ माझा भाऊ रामहरी
१७:४० चुकलेली पाळी
२६:१५ मिरचीचं रान

एकाखाली एक वाचलं आन चष्मा पुसून परत वाचलं. अकरा पाचाला मी. सतरा चाळीसला चुकलेली पाळी. सव्वीस पंधराला मिरची. बालवाडीतल्या पोरालाबी कळंल कुणी काय केलं ते.

बेचाळीस वर्सांपूर्वीची गोष्ट उकरून तुला काय मिळणार हाय? अकरा वर्सं झाली, हितल्या चारीवर पाणी वापर संस्थेचा मी अध्यक्ष हाय. कॅनॉलचं पाणी आलं की कुणाची पाळी कवा आन किती तास, ते माझ्या सहीनं ठरतं. लोकं म्हंत्यात, आबानं लावल्याली पाळी म्हंजी घड्याळ. आन सत्तावीस तारखेला, रविवारी, हे सगळ्या जगाला ऐकू जाणार. मला सोडून.

म्हणून सांगतो, सतरा चाळीसचं प्रकरण काढून टाक. ते जमत नसंल तर एक कर. द्वारकी माझं नाव घेऊन काय म्हणली तेवढं कळव. जगाचं मला काय न्हाय. तिच्या तोंडानं मी कोण ठरलो, तेवढं कळल्याबिगर मला घास गिळवत न्हाय.

फोनवर कळवू नको, फोन प्रतिक्षाकडं असतो आन मग घरभर होतं. शाईनं लिही. पस्तीस किलोमीटरला टपाल तीन दिवस लावतं, ते सोसतो. तुझ्या आजीला यातलं काही दाखवू नको.

आशीर्वाद हाय. रागातबी असतो.

आबा


बारामती
१६ एप्रिल २०२५

आबा,

तुम्ही आधी भांडलात, मग मीही आधी भांडते.

चॅप्टर का टाकले ते ऐका. आजीला बोलतं केलं की ती थांबत नाही. लग्नावरून बैलावर जाते, बैलावरून शेजारणीच्या नथीवर, तिथून हगवणीच्या औषधावर. ऐकणाऱ्याला पत्ताच लागत नाही आपण कुठं आहोत, आणि तो बंद करून टाकतो. चॅप्टर असले की ज्याला जे ऐकायचंय तिथं तो बोट ठेवतो आणि थेट तिथं पोचतो. महिनाभर मी नुसतं कुठं तोडायचं ते शोधत होते. आजी मध्ये श्वाससुद्धा घेत नाही, तर तोडणार कुठं? आणि तुम्ही नेमका तोच चॅप्टर काढायला सांगताय, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

तुम्हाला काय खटकलं ते मला कळतंय. असला शब्द चारचौघांत, घरातल्या बाईच्या नावाखाली. पण आबा, यात लाजायचं काय? हे घरोघरी घडतं. फक्त कुणी बोलत नाही. आजी बेचाळीस वर्षं बोलली नाही. पप्पांनाही माहीत नव्हतं, त्यांनी परवा पहिल्यांदा ऐकलं आणि उठून बाहेर गेले.

आता तुमचं. त्या दिवशी तुम्ही आजीच्या दारात येऊन जे म्हणालात, ते तिनं तुमचा आवाज काढून जसंच्या तसं सांगितलंय. आम्ही दोघी हसून हसून लोळलो. पुढचं ऐकताना मात्र मी रडले. तुमच्यावर तिचा राग नाही, हे मी शपथेवर सांगते. तिचे शब्दच लिहिते: "दादाला मी कधी बोल लावला न्हाय."

चॅप्टर राहणार. नाव बदलायचं असेल तर सुचवा, पण कारण चांगलं पाहिजे. जेवत जा वेळेवर.

तुमची भांडकुदळ नात
राजनंदिनी


अंथुर्णे
१९ एप्रिल २०२५

राजे,

तुझं पत्र चार येळा वाचलं. पयल्या येळी उभ्यानं, मग बसून.

म्हंजी तिला म्हाईत व्हतं. इतकी वर्सं म्हाईत व्हतं, आन बोल लावला न्हाय. मी मातुर दर दिवाळीला तिच्या पाटावर बसायचो आन मनात म्हणायचो, हिला कळलं तर ताट भिरकावंल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

हसलात व्हय दोघी? हसा. पर तिला अर्धंच म्हाईत असणार. पुरं सांगतो. तुझ्या मोबाईलवर जायचंच असंल तर धड तरी जाऊ दे.

त्र्याऐंशीचा उन्हाळा. कॅनॉलला पाणी दीड म्हैन्यानं आलेलं. चारीवर शेजपाळी, म्हंजी वरच्या शेतापासनं खाली एकेकानं पाणी घ्यायचं. माझं रान वर, द्वारकीचं खाली. माझा सव्वा एकर ऊस व्हता, पानांच्या सुरळ्या झालेल्या. माझ्या पाळीचं पाणी निम्म्या सऱ्यांतच सपलं. तिची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. तुझा आजा संभाजी तवा ट्रकवर असायचा, म्हैना म्हैना घरी न्हाय. ती एकटी अर्ध्या एकरात मिरची लावून बसलेली.

मी पाटकऱ्याला, म्हंजी पाणी सोडणाऱ्या मान्साला, म्हणलं, बहिणीला पाणी नकोय, तिचं मीच घेतो. तो म्हणला, बहीणभावाचं तुमी बघा, माझ्या वहीत तिचा अंगठा पायजे. वही मी घराकडं घेऊन गेलो आन तिच्या नावाम्होरं माझाच अंगठा उठवला. मला सही येत व्हती राजे. सातवी पास व्हतो मी. उसात पाणी सोडलं की बाहेरनं कुणाच्या बापाला दिसत न्हाय. ती खाली तिच्या रानाच्या बांधावर सकाळपासनं पाण्याची वाट बघत बसली आन वर माझा ऊस पीत व्हता.

दुपारी तिच्या घरी गेलो. वहीत घोळ झाला म्हणून सांगायचं ठरवलं व्हतं. दारातनंच म्हणलं, "द्वारके, तुझी पाळी चुकली." पुढचं बोलायच्या आत ती पांढरीफटक पडली. हातातली भाकरीची पाटी खाली पडली. माझ्याकडं बघून म्हणली, "तुला कुणी सांगितलं?" मी समजलो, हिला चोरी कळली. मागं फिरलो तो थेट घरी. त्या पाण्याचं तिनं कवा काढलं न्हाय आन मीबी न्हाय.

संस्थेचा अध्यक्ष झालो तो त्याच पायी. दुसऱ्या कुणाची पाळी कुणी मारू नये म्हणून अकरा वर्सं चारीवर हेलपाटे घालतोय.

तर राहू दे प्रकरण. माझं नावबी राहू दे. चोराला चोर म्हणलं तर काय बिघडलं? लोकं काय म्हणायचं ते म्हणतील. तिनं मला मनातनं काढलं न्हाय, मला तेवढं पुरतं. हे लिहिताना रडतोय, आन सांगायला लाज वाटत न्हाय. किती वर्सांनी आज दोन भाकरी खाल्ल्या.

हलका झालेला
आबा


बारामती
२४ एप्रिल २०२५

आबा,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. आज गुरुवार. तेव्हापासून मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. न लिहिता गप्प बसावं असंही वाटलं. पण भाग बाहेर पडला की प्रतिक्षाकाकू ऐकणार आणि तुम्हाला पाटीवर लिहून दाखवणार. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आबा, तुम्ही पाण्याच्या पाळीबद्दल लिहीत होता. मी बाईच्या पाळीबद्दल. यादीतली चुकलेली पाळी म्हणजे आजीला दिवस गेले होते. पप्पांच्या पाठचं मूल. तुम्ही पाणी घेतलंत हे आजीला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

सतरा चाळीसपासून ती काय बोलली ते मी ऐकून शब्दाला शब्द उतरवलंय. बसून वाचा.

"माझी पाळी चुकून दोन म्हैनं झालं व्हतं. कुणाला सांगितलं न्हवतं. सासूला कळलं असतं तर तिनं मला रानातनं उठवली असती आन मिरची जावंकडं दिली असती. ती मिरची माझी व्हती. बी टाकण्यापासनं मी केल्याली. म्हणलं, पयला तोडा होऊ दे, मग सांगू. तर त्या दिवशी पाण्याची वाट बघून बघून घरी आले, आन दादा दारात. म्हणतो, द्वारके, तुझी पाळी चुकली. माझ्या हातातली पाटीच पडली. भावानं असलं बोलावं का? आन याला कळलं कसं? म्हणलं, तुला कुणी सांगितलं? तर असा पळाला, असा पळाला. सांजच्याला माझ्या डोक्यात उजेड पडला, दादा पाण्याचं म्हणत व्हता."

इथं आम्ही दोघी हसलोय. अकरा सेकंद. त्या हसण्यामुळंच मी चॅप्टरला ते नाव दिलं. त्यानंतर ती सावकाश बोलते.

"दादाला मी कधी बोल लावला न्हाय. तो आपला निरोप सांगाय आलता. पाणी आलंच न्हवतं, त्याला कोण काय करणार? मिरचीची फुलं गळाय लागली. म्हणलं, अशी कशी जाऊ देऊ. वढ्यापल्याडच्या विहिरीवरनं घागरीनं पाणी आणलं. दिसाला तीस तीस घागरी. नऊ दिवस. नवव्या दिवशी सरीतच बसले ती उठता येईना. लुगड्याला लागलं. सासू म्हणली, पाळी आली वाटतं, बस चार दिवस बाजूला. बसले. कुणाला काय सांगू? चुकलेली कुणाला कळली न्हवती, मग गेलेली कशी कळंल? पुन्हा काय दिवस ऱ्हायले न्हाईत मला. मिरची मातुर जगली."

एवढंच आहे. घागरींमुळंच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे मला कळतं. तरी हा चॅप्टर संपला की माझं बोट आपोआप मागं जातं आणि मी पुन्हा सतरा चाळीसला येते. हसण्याची ती अकरा सेकंदं आता मला ऐकवत नाहीत.

रविवारचा भाग मी थांबवलाय. आजीला सांगितलं, मशीन बिघडलंय. ती शेजारच्या खोलीत शेंगा फोडतेय आणि दर तासाला विचारतेय, झालं का गं दुरुस्त? मी तुमच्यावर चिडलेय आबा. आणि तुमची कीवही येतेय, त्यामुळं धड चिडताही येत नाही. तिला सांगू की नको? तुम्ही म्हणाल तसं करीन.

राजनंदिनी


अंथुर्णे
२८ एप्रिल २०२५, सकाळ

राजे,

तिला सांगू नको. तुला माझ्या गळ्याची आण हाय. तिचं अजून थोडं ऱ्हायलंय, माझं त्याहून थोडं. ते असंच जाऊ दे. भाग टाक आन माझं नाव त्यातनं पुसून काढ.

दुपार

वरचं लिहिल्यालं पाकिटात घालून पेटीपतुर गेलो आन परत आणलं. तिला सांग. न्हाय, तू नको, मीच सांगतो. म्हणून बारामतीची एसटी धरली. अर्ध्या वाटंतच भवानीनगरला उतरलो. तिच्याम्होरं जाऊन पयला शब्द कुठला बोलायचा, ते सुचंना. पाळी हा शब्द माझ्या तोंडातनं आता निघणार न्हाय. उलट्या गाडीनं घरी आलो.

तीस नव्वं दोनशे सत्तर घागरी. मी घेतलेलं पाणी सहा तासांचं. अर्धा एकर मिरची दीड तासात भिजती राजे. दीड तास तिला सोडला असता तरी माझा ऊस मरणार न्हवता. हा हिशोब मी तवा केलाच न्हाय. आता तुझं पत्र आल्यापासनं दुसरं काय करत न्हाय.

आज चारीला पाणी सुटलंय. सकाळधरनं लोकं दारात, आबा माझी पाळी कवा, आबा माझी पाळी कवा. बोललेलं ऐकू येत न्हाय पर तोंडाच्या हालचालीनं तो एक शब्द कळतो. मी वही त्यांच्याम्होरं टाकली आन म्हणलं, तुमची तुमी लावा. प्रतिक्षा पाटीवर लिहिती, आबा काय झालं? मी पाटी पुसतो.

तू लहान हायस, पर आता तूच सांग. मी बसू का येऊ?

आबा


बारामती
५ मे २०२५

दादा,

हे मी लिहितीय, द्वारकी. राजी न्हाय. अक्षर वाकडं हाय, प्रौढ वर्गात शिकल्याली मी, समजून घे.

टपालवाल्यानं तुझं पत्र माझ्या हातात दिलं. पाकिटावर राजीचं नाव व्हतं, पर तुझं अक्षर मी वळखते. म्हणलं, भाऊ माझ्या नातीला लिहितो आन मला कवा चार वळी न्हाईत? फोडलं. वाचाय मला सबंध दिवस लागला. सांजच्याला राजी आली तवा तिच्याकडनं आधली पत्रं मागितली. देत न्हवती. जेवण सोडते म्हणलं, तवा दिली. पोरीला बोलू नकोस, तिचा काय दोष न्हाय.

सगळं वाचलं. अंगठ्याचंबी वाचलं. माझ्या नावाम्होरं तुझा अंगठा. म्हातारा झालास म्हणून सोडते, न्हायतर त्या अंगठ्याला चटका दिला असता.

पर दादा, पाण्याचा मला फार राग आला न्हाय. उन्हाळ्यात भाऊ भावाचं पाणी मारतो, तू बहिणीचं मारलंस. राग दुसऱ्याच गोष्टीचा हाय, आन तो तुला कळला पायजे म्हणून हे लिहाय बसले.

बेचाळीस वर्सं मी एकच समजत आले. मी सासूपासनं लपवलं, मिरचीच्या हावेपायी लपवलं, म्हणून देवानं माझं लेकरू नेलं. तुझे दाजी गेले, त्यांना सांगितलं न्हाय. पोटच्या पोराला, विजूला, सांगितलं न्हाय. राजीच्या त्या माईकम्होरं बोलले तेबी हसत बोलले. रडत बोलले असते तर हे तोंडातनं निघालं असतं, की माझ्या पोराला मीच खाल्लं.

तू त्या दिवशी दारात खरं बोलला असतास तर काय झालं असतं, सांगू? मी तुला शिव्या घातल्या असत्या. आईकडं जाऊन तुझं नाव सांगितलं असतं. म्हैनाभर तुझं तोंड बघितलं नसतं. आन आईच्या धाकानं तू दुसऱ्याच दिवशी तुझ्या उसातलं पाणी फोडून माझ्या मिरचीत सोडलं असतंस. मी घागर उचलली नसती. मला वाटलं भावाला कळलं, तुला वाटलं बहिणीला कळलं, आन तू पळालास. पळायच्या आदी एकदा नुसतं विचारायचं तरी, काय गं, काय कळलं तुला?

घागरीनं झालं का आपसूक झालं, ते देवाला ठाव. तुझ्या माथी मी ते मारत न्हाय. पर त्याचं वझं माझ्या एकटीच्या डोक्यावर ऱ्हायलं, ते तुझ्यामुळं. निम्मं तुझं व्हतं. ते तू मला कवा दिलंच न्हाईस, उचलूनबी घेतलं न्हाईस.

राजीला सांगितलंय, सतरा चाळीसचं परकरण हाय तसं ठेव, एक शब्द कापू नको. त्याच्याम्होरं तुझं एक परकरण जोडायचं. तुला ऐकू येत न्हाय, बोलता येतंय. पाण्याचं तुझ्या तोंडानं सांग, अंगठ्यासकट. न्हाय सांगितलंस तरी भाग जाईल आन तुझं नाव मी घेणार न्हाय. ते तुझं तू ठरव, मी जबरी करत न्हाय.

पर यायचं ते त्यासाठी न्हाय.

विजूचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं. केवढा रडला व्हता, तू त्याला गुळाचा खडा दिला व्हतास. ह्या दुसऱ्याचं जावळबी तुझ्याच मांडीवर व्हायचं व्हतं. मामा तूच व्हतास की त्याचा. हे मी आजपतुर कुणापाशी बोलू शकले न्हाय, कारण ते लेकरू व्हतं हेच कुणाला म्हाईत न्हवतं. आता तुला म्हाईत हाय. राजीला आन विजूला कळलंय, पर त्यांना ती गोष्ट वाटती. तू त्या दिवशी दारात उभा व्हतास. त्याला पोटात घेऊन मी तुझ्याम्होरं उभी व्हते. मला सोडून त्याच्या इतकं जवळ कुणी आलंच न्हाय दादा.

अकरा तारखेला रविवार हाय. त्या दिवशी ये. मधी कुठं उतरू नकोस. घरातल्यांना मी बाहेर पाठवते. आल्यावर हात जोडू नकोस, माफी मागू नकोस, मला ते नकोय. माझ्याजवळ बस आन त्याच्यासाठी रड. मी लई वर्सं एकटीनं रडले.

द्वारकी